तेल नको म्हणणारा धोंडा

बनाबाईच्या वावरात माणूस मावत नव्हतं. साखरखेर्ड्याच्या बाजारातून वळलेल्या गाड्या, थेट सुलतानपूरहून आलेल्या दमण्या, सायकली, पायी आलेली बाया-माणसं, सगळी भर वैशाखात उघड्या काळ्या रानात उभी होती आणि एकालाही ऊन लागत नव्हतं. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, भज्यांची कढई चढली होती. शेजारी नारळांचा ढीग, त्याच्या पलीकडे रिबिनी आणि बांगड्या. महिन्यापूर्वी या वावरात ढेकळांशिवाय काही नव्हतं.

मधोमध मांडव घातला होता. मांडवात कमरेएवढा काळा धोंडा उभा. माथ्यावर कोरलेले सूर्य-चंद्र, त्यांच्या खाचांत शेंदूर. त्याखालचं सगळं अंग सपाट आणि कोरं. धोंड्याशेजारी शिळानाथ महाराज उभे. अंगावर भगवी छाटी, हातात तांब्या, आणि आवाज असा की कढईजवळच्या माणसालाही भजं खाता खाता ऐकू यावा.

"बच्चा लोग! मी कोण? मी कोणी नाही! मला अक्षर येत नाही, मला विद्या येत नाही! हा पत्थर बोलतो आणि मी ऐकतो! सातशे वर्षं हा जमिनीच्या पोटात बोलत होता, ऐकायला कान नव्हता. जल हीच देवाची शाई! पाहा!"

त्यांनी तांब्यातलं पाणी धोंड्याच्या छातीवर ओतलं. कोरडा दगड भिजून काळाभोर झाला. आणि त्या काळ्यावर हळूहळू फिकी अक्षरं वर आली. खरंच आली, मीही पाहिली. ही भूमी महादेवाची. नांगर धरील तो निर्वंश होईल.

"हर हर महादेव!" लोकांनी गर्जना केली. बाया जमिनीला कपाळ टेकायला लागल्या. शाळेचे नारायणराव मास्तर पुढे होऊन ती ओळ खणखणीत वाचत होते, कारण महाराजांना अक्षर येत नव्हतं ना. मी बांधाच्या बोरीखाली उभी होते. दगड सातशे वर्षांचा आणि भाषा चौथीच्या पुस्तकातली, एवढंच माझ्या मनात आलं. देव 'सर्व्हे नंबर' तेवढा लिहायचा विसरला होता.

मी शेवगेखेडची ग्रामसेविका. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती, जिल्हा परिषद नुकतीच आली होती, आणि ब्लॉकने मला या गावी पाठवलं होतं. बिनधुराची चूल, परसबाग, शिवणकाम आणि महिला मंडळ हे माझं काम. गाव मला 'सेविकाबाई' म्हणे. माझं नाव सिंधू हे फक्त बनाबाईला आणि पोस्टमनला ठाऊक होतं.

बनाबाईचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. लेक जळगाव जामोदकडे दिलेली. घरात ती एकटी, आणि पोटाला हे एवढंच वावर. पण वावर असं की पाहत राहावं: काळंभोर, आणि कडेला गोड्या पाण्याची विहीर. उजवीकडचं वावर वामनरावांचं. डावीकडचंही वामनरावांचं. मधलं बनाबाईचं. वामनरावांनी विकत मागून पाहिलं, अदलाबदल करू म्हणून पाहिलं. बनाबाईने प्रत्येक वेळी चहा पाजून त्यांना परत पाठवलं. मग मार्गशीर्षात ती लेकीच्या बाळंतपणाला जळगाव जामोदला गेली, महिनाभर राहिली आणि परत आली. चैत्रात वामनरावांच्या ओट्यावर शिळानाथ महाराज येऊन उतरले. त्यांना दृष्टान्त झाला. कुठे खणायचं ते देवाने बरोबर सांगितलं. पाव कोसावर पडीक माळ होता, तिथे देवाला निघावंसं वाटलं नाही.

त्या दिवशी गर्जना ओसरली तशी बनाबाई गर्दीतून वाट काढत मांडवाशी गेली. डोक्यावर पदर, हात कमरेवर.

"महाराज, एक सांगू काय? दोन उन्हाये झाले, या वावराचा कुंदा म्या खंदला. हातानं खंदला. कंबरभर खोल, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापरेंत. तवा हा धोंडा कोठी गेलता?"

कुंदा म्हणजे काळ्या जमिनीचा वैरी. हे गवत वरून कितीही कापा, मुळं कंबरभर खोल जिवंत राहतात. एकच उपाय: उन्हाळ्यात सगळं रान खोल खणायचं, ढेकूळ न् ढेकूळ उलटं करायचं, एकेक मूळ वेचून जाळायचं. गावातल्या प्रत्येकाने बनाबाईला ते करताना पाहिलं होतं. तिच्या हाताला पडलेले घट्टे अजून गेले नव्हते. म्हणजे प्रश्न तिथेच मिटायला हवा होता.

पण महाराज हसले. "माई, देव काय कुंद्याचं मूळ आहे, कुदळीला लागायला? तुझ्या नजरेवर मायेचा पडदा होता. देव तुला दिसला नाही यातच तुझं पाप दिसलं!"

आणि लोकांनी मान डोलावली! ज्यांनी तिला खणताना पाहिलं होतं त्यांनीच मान डोलावली. मला इतका राग आला की बोरीचा काटा बोटात घुसला तेही नंतर कळलं.

"वहिनी," वामनराव मोठ्या मायेने म्हणाले, "आमी का तुमचं वाईट चिंतून राह्यलो? देवानंच मांगलं त् आपुन नाई म्हनावं काय? सोमवारी दानपत्र करू. संस्थान काढू. तुमाले दोन टाइमाचा परसाद संस्थानातून. बसून खा."

"आन संस्थानाचा अध्यक्ष कोन?"

"लोक ज्याले म्हनतीन तो." एवढं बोलून वामनराव नम्रपणे जमिनीकडे पाहायला लागले.

तेवढ्यात वामनरावांची आई रुक्मिणीबाई काठी टेकत मांडवात आल्या. सत्तरीची बाई, हातात तेलाची वाटी. आमच्या भागात दगडाचा देव झाला की त्याला पहिलं तेल. मारुती असो, म्हसोबा असो, शिवेवरचा नुसता शेंदऱ्या गोटा असो, तेल घातल्याशिवाय बाई पुढे पाऊल टाकत नाही. रुक्मिणीबाईंनी वाटी कलती केली मात्र, "नाही!" म्हणून महाराज असे ओरडले की म्हातारीच्या हातातली वाटी खाली पडली.

"तेल नाही! या देवाला तेल चालत नाही! तेल लावलं तर देव कोपेल, मुका होईल!"

"काऊन?" रुक्मिणीबाई गोंधळल्या. "कोंच्या देवाले तेल चालत नाई?"

"आज्ञा आहे, माई. तेल नाही, तूप नाही. फक्त जल." असं म्हणून महाराजांनी धोंड्यावर जाड घोंगडी पांघरली, कारण ऊन चढायला लागलं होतं आणि देवाला ऊनही सोसत नव्हतं. मांडवाच्या सावलीतसुद्धा! मी शेंदराकडे नीट पाहिलं. तोही तेलात कालवलेला नव्हता, पाण्यात कालवलेला होता.

वैशाखाच्या उन्हाला आणि वाटीभर तेलाला भिणारा देव मी पहिल्यांदाच पाहत होते.

संध्याकाळी मी मास्तरांना शाळेत गाठलं. नारायणराव मास्तर वाईट माणूस नव्हे. पोरांवर जीव, वाचनाचा नाद. पण आपल्या गावाला इतिहास नाही याचं त्यांना फार दुःख. लोणारला सरोवर आहे, सिंदखेडला राजवाडा आहे, मेहकरला बालाजी आहे, शेवगेखेडला काय? तर आता शिलालेख! त्यांनी बुलढाण्याच्या साप्ताहिकाला लेख धाडला होता. दुसऱ्या अंकात कोण्या वकिलाने शंका काढली, तर मास्तर त्याला उत्तर लिहीत बसले होते.

"मास्तर, शिलालेख म्हणजे कोरलेला लेख. या दगडावर खाच कुठे आहे? बोट फिरवून पाहिलंत?"

"हात लावू देत नाहीत ना. पण बाई, प्राचीन काळी एखादी लुप्त विद्या असेल. अक्षरं दगडात मुरवायची."

"आणि अक्षरं तुमच्या-माझ्यासारखी?"

"लिपीत सातत्य असतं." मास्तरांनी चष्मा पुसला. "तुम्हांला गावाचं चांगलं झालेलं पाहवत नाही का?"

मी उठले. मास्तर खोटं बोलत नव्हते. त्यांना तो दगड खरा हवा होता, आणि हवेपणाने त्यांचे डोळे झाकले होते.

इकडे बनाबाईचं औत बंद पडलं. तिचा एक बैल आणि तुळशीरामचा एक, अशी त्यांची सावड होती. दोघांची वखरणी-पेरणी त्या एकाच जोडीवर चाले. तुळशीराम येऊन आपला बैल सोडून घेऊन गेला. डोळ्याला डोळा देत नव्हता. "वहिनी, माह्ये लेकरंबाळं हायेत," एवढंच म्हणाला. मजुरीला बाया येईनात. गावच्या विहिरीवर बनाबाई गेली की पोहरे थांबायचे. पेरणीआधी वखरणी झाली नाही तर वर्ष गेलं, आणि सोमवारी अंगठा दिला तर वावरच गेलं.

"तू देणार अंगठा?" मी तिला विचारलं.

"मेल्यावर घ्या म्हनाव," ती म्हणाली. "पन सेविकाबाई, अक्षरं त् निंगतात ना वो. म्या पायली. मले वाचता येत नाई म्हून तो देव माह्याच वावरात निंगाला काय?"

तिने हसत विचारलं, पण तिलाही आतून भीती शिवली होती. मला त्या महाराजांपेक्षा त्या भीतीचा जास्त संताप आला.

रविवारी दुपारी मी तिच्याकडे होते. उन्हातून आले होते म्हणून न्हाणीच्या दगडावर बसून तोंडावर पाणी मारलं. बनाबाई टॉवेल घेऊन समोर उभी होती. ती टॉवेल द्यायचंच विसरली.

"बाई, हालू नका. तुमचं कपाय पाहा."

"काय झालं कपाळाला?"

"सगयं तोंड भिजलं. कुकवाची जागा कोरडी हाय."

आमच्याकडे तेव्हा बाया आधी कपाळाला बोटभर मेण लावत आणि त्यावर कोरडं कुंकू दाबत. कुंकू पाण्याने वाहून गेलं होतं. खालचा मेणाचा गोल मात्र तसाच होता, आणि पाणी त्याच्या काठाकाठाने खाली ओघळत होतं. बनाबाई माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. दोघींच्या डोक्यात एकाच वेळी उजेड पडला.

"मेन!" ती म्हणाली.

ती आत गेली आणि फडताळाच्या तळातून एक लाकडी डबी घेऊन आली. नवरा गेल्यापासून तिने ती उघडली नव्हती. तळाला मेण होतं, सुकलेलं, तिच्या बोटाचा खळगा अजून त्यात. तिने क्षणभर तो खळगा पाहिला, मग मेण नखाने उकरून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "लिवा," म्हणाली.

न्हाणीच्या दगडावर मी कोरड्या जागी 'बनाबाई' असं लिहिलं. काहीच दिसेना. तिने तांब्याभर पाणी टाकलं. दगड काळा पडला आणि तिचं नाव फिकं होऊन वर आलं. पाणी मेणावर थांबत नव्हतं, एवढीच ती लुप्त विद्या! मग तिनेच चुलीपासून तेलाची वाटी आणली, सगळ्या दगडाला तेल चोपडलं, पुन्हा पाणी टाकलं. आता पाणी कुठेच मुरेना, सगळीकडून सारखं ओघळायला लागलं. नाव गेलं. देव मुका झाला!

"आन उन्हात ठेवला त् मेन वितयन," बनाबाई म्हणाली. "म्हून घोंगडी."

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ती ते पुसत राहिली.

आता प्रश्न असा की हे सांगायचं कसं. मांडवात जाऊन सांगितलं असतं तर महाराजांनी तिथेच पापाचा नवा पडदा काढला असता. कुंद्याचं काय झालं ते पाहिलंच होतं. खरं बोलणं लोकांच्या कानापर्यंत जातं आणि तिथेच थांबतं. त्यांना डोळ्यांनी दाखवायला हवं होतं, आणि तेही अशा दगडावर की वामनरावांच्या तोंडून खरं निघालं पाहिजे.

महिला मंडळ रविवारी संध्याकाळी वामनरावांच्या ओट्यावर भरे, कारण रुक्मिणीबाई मंडळाच्या अध्यक्ष. ओट्याची पायरी घडीव काळ्या दगडाची, रुंद. त्या संध्याकाळी महाराज आणि वामनराव मांडवात होते; बाया निघून आणि रुक्मिणीबाई आत गेल्यावर मी चप्पल शोधण्यात बराच वेळ लावला. बनाबाई समोर पदर पसरून उभी राहिली. काम झालं.

सोमवारी सकाळी वामनरावांच्या अंगणात सगळं गाव. महाराजांची मिरवणूक इथून निघणार, वावरात जाणार, तिथे बनाबाईचा अंगठा. ताशे आले होते, दानपत्र लिहिणारा पेटी घेऊन आला होता, मास्तर धुतलेलं धोतर नेसून आले होते. महाराज आत ओट्यावर पाटावर बसलेले. रुक्मिणीबाई रोजच्यासारख्या सडा घालायला निघाल्या. अंगणात शेण-पाणी शिंपडून झालं, आणि मग महाराजांचे पाय पडणार म्हणून पायरीवर त्यांनी कळशीतलं स्वच्छ पाणी ओतलं.

पायरी भिजली. काळी झाली. फिकी अक्षरं वर आली.

पुढे उभ्या पोराने मोठ्याने वाचलं, "हे घर महादेवाचे. आत राहील तो निर्वंश होईल."

ताशे थांबले. रुक्मिणीबाईंनी कळशी खाली ठेवली. मागचे लोक "काय, काय?" करत पुढे रेटायला लागले आणि पुढचे लोक मागे सरायला लागले. कोणी तरी घाबरत म्हणालं, "हर हर महादेव." पण या वेळी गर्जना उठली नाही.

मी पुढे झाले. "वामनराव, आज्ञा झाली. चला, घर खाली करा. संस्थान काढू. तुम्हांला दोन वेळचा प्रसाद मिळेल."

वामनरावांचं तोंड लालबुंद झालं. "हा चावटपना कोनाचा हाय बे? कोनं मेन घासलं माह्या पायरीले?"

मागे सरणारे लोक जागीच थांबले आणि वामनरावांकडे वळले.

"मेण?" मी विचारलं. "इथे मेणाचं नाव कोणी काढलं वामनराव? मी तर नाही काढलं. तुम्हांला कसं कळलं, मेण आहे ते?"

वामनरावांनी महाराजांकडे पाहिलं. सगळ्या गावाने ते पाहणं पाहिलं.

"माया आहे! मायावी अक्षरं आहेत!" महाराज पाटावरून ओरडले. "खरी अक्षरं फक्त त्या पत्थरावर! ही खोटी!"

"दोन्ही पाण्याने निघतात महाराज. दोन्ही निर्वंश करतात. मग खरं कोणतं आणि खोटं कोणतं, ते कसं ओळखायचं? सांगा ना."

महाराज काही बोलायच्या आत रुक्मिणीबाई वाकल्या. देवळीतली तेलाची वाटी त्यांनी उचलली आणि पायरीवर उपडी केली. म्हातारीने आपल्या सुरकुतल्या हाताने सगळ्या पायरीला तेल चोळलं. मग कळशीतलं उरलेलं पाणी ओतलं. अक्षरं गेली.

"म्हून तेल चालत नोतं काय रे तुह्या देवाले?" त्यांनी हळू आवाजात महाराजांना विचारलं. आणि मग मुलाकडे वळून, हळू नव्हे: "वामन, लाज वाटत नाई? एकल्या बाईचं वावर घ्याले देवाले चोर केलं तू! देवाले!"

मी बहुधा देवावरून रुक्मिणीबाईंशी कधीच सहमत होणार नाही. पण त्या दिवशी त्या अंगणात त्यांच्याइतकं सरळ कोणी बोललं नाही.

सगळा जमाव वावराकडे धावला. मिरवणूक निघालीच, फक्त ताशांवाचून. घोंगडी कोणी ओढली, पाणी कोणी आणलं, कळलं नाही. धोंड्याला तेल लावलं, धोंडा मुका झाला. मास्तरांनी आपल्या धुतलेल्या धोतराचा सोगा ओला करून सूर्य-चंद्रातला शेंदूर पुसला. खाचा आतून पांढुरक्या होत्या, टाकीचे घाव काल मारल्यासारखे ताजे. बाकीचा दगड उन्हापावसाने काळवंडलेला. मास्तरांनी खाचेवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "वकिलाला उत्तर लिहायला हवं. त्याचं बरोबर होतं म्हणून." त्यांनी ते लिहिलं, आणि साप्ताहिकात ते छापूनही आलं. मास्तरांचा माझ्या मनातला मान त्या दिवशी वाढला.

धोंडा गावातल्याच कुठल्या पडक्या भिंतीतून उपटला होता, सूर्य-चंद्र कोरून घेतले होते, आणि बनाबाई लेकीकडे असताना पुरला होता. हे नंतर वामनरावांच्या गड्यानेच सांगितलं. शिळानाथ महाराज गर्दीत लघुशंकेला म्हणून गेले ते गेलेच. त्यांच्या खडावा ओट्यावर राहिल्या. वामनराव म्हणाले, "आमाले का मालूम, आमालेबी त्यानंच फसवलं." मला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, बदलीले तयार राह्यजा." मी म्हणाले, "तयारच आहे. जाईन त्या गावीही पायऱ्या असतीलच."

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहायला बसलेच नसते. फजिती झाली, लोक हसले, घरी गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीराम आपला बैल घेऊन बनाबाईच्या धुऱ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"वहिनी, बैल न्या. पन मी वखर नाई धरत."

"आता काऊन? कालच त् पायलं ना डोयानं?"

"पायलं. धोंडा खोटा हाय, समजते मले. पन लिवलेलं त् लिवलेलं असते ना. निर्वंश म्हनलं हाय. पोरं लहान हायेत माह्ये."

धुऱ्यावर आणखी चार-पाच गडी जमले होते. एकही पुढे येईना. मला वाटलं, सगळं फुकट गेलं. मेण दाखवलं, तेल दाखवलं, टाकीचे घाव दाखवले. पण भीतीला पुरावा लागला नव्हता यायला, आणि पुराव्याने ती जायलाही तयार नव्हती.

बनाबाईने तुळशीरामच्या हातातून कासरा घेतला. बैल जुंपले. पदर कमरेला खोचला आणि वखराची रुमणी, म्हणजे मूठ, धरली.

"अवो, असं करू नका!" धुऱ्यावरून एकजण ओरडला. "बाईनं औत धरलं त् पाऊस नाई पडत!"

बनाबाई वळली. "निर्वंशाले भेऊन तुमी गडी धुऱ्यावर उभे, आन पावसाले भेऊन मी घरी बसू. मंग वखर कोन हाकीन, धोंडा?"

आणि तिने बैल हाकले. पहिली तास, म्हणजे वखराची ओळ, वाकडी गेली. दुसरी बरी गेली. वखराची पास, म्हणजे आडवं पातं, जमिनीत रुतून राहावी म्हणून मी वखरावर ओझ्याला बसले, हे काम ब्लॉकच्या माझ्या कामात कुठेच बसत नव्हतं. रात्रीच मोडलेल्या मांडवाच्या जागेवरूनही वखर गेला, धोंडा उपटलेल्या खड्ड्याच्या अगदी काठावरून. काही झालं नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तुळशीराम धुऱ्यावरून उतरला. येऊन बैलांच्या पुढे चालायला लागला. दुपारी त्याने रुमणी तिच्या हातातून घेतली, आणि संध्याकाळी जाताना तिने ती परत आपल्या हातात घेतली.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. पुढच्या वर्षी सगळ्या शिवारात गड्यांनीच औतं धरली, आणि पाऊस महिनाभर उशिरा आला. म्हणून मी असं म्हणणार नाही की बाईने औत धरलं तर पाऊस चांगला पडतो. पावसाला रुमणी कोणाच्या हातात आहे ते दिसत नाही, एवढंच. तुळशीरामला सगळ्यात धाकटी मुलगी त्यानंतर झाली. तीही महादेवाने दिली नाही आणि धोंड्याने अडवली नाही. बनाबाईची ज्वारी मात्र तिने पिकवली, तिच्याच वावरात, आणि सातबाऱ्यावर अजून तिचंच नाव आहे.

वाचणाऱ्यांनो, मी सांगते म्हणून यातलं काही मानू नका. घरात मेणबत्ती असेल, पायरी असेल, पाणी आहे. स्वतः करून पाहा, आणि शेजाऱ्यालाही बोलावून दाखवा. नाही जमलं तर मला खोटं म्हणा, चालेल. आणि उद्या तुमच्या गावी कोणी आला, दगड बोलला, देवाने कोणा एकट्या बाईचं वावर मागितलं, तर हात जोडायच्या आधी एवढं विचारा: त्या वावराच्या शेजारचं वावर कोणाचं आहे?